शाल-श्रीफळाच्या आधीची निवृत्ती

गेल्या वैशाखात, दुपारी चारच्या उन्हात, माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकलवरून घरी आला. अंबड तालुक्यातल्या एका शाळेत तो क्रीडाशिक्षक आहे. पाणी पिऊन झाल्यावर त्यानं पिशवीतून जाड फाइल काढली आणि म्हणाला, "सर, वाचून बघा. पटलं तर चार पानं लिहून द्या." फायलीत त्याच्या वळणदार अक्षरातली पावणेदोनशे पानं होती. विषय होता निवृत्त बास्केटबॉलपटू. मधोमध मुंबईच्या नागपाड्याचे गुलाम अब्बास मुन्तसिर, त्यांच्या भोवती त्यांची पिढी, आणि शेवटच्या पानांत आपल्या जालना जिल्ह्यातली मैदानं.

खरं सांगायचं तर फाइल दोन दिवस टेबलावर तशीच पडून होती. जालना म्हटलं की लोक बियाणं, सळई आणि मोसंबी सांगतात. खेळाचं विचारलं तर कुस्ती सांगतात. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरी जालन्यात भरली, बाला रफिक शेख यांनी अभिजित कटके यांना हरवून गदा उचलली, तेव्हा सारा जिल्हा मातीभोवती गोळा झाला होता. क्रिकेटचं म्हटलं तर जालन्याच्या विजय झोलचं नाव निघतं. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात तो भारताचा कर्णधार होता. बास्केटबॉलचं नाव मात्र कुणी काढत नाही. मग जालन्याच्या माणसानं मुंबईच्या एका बास्केटबॉलपटूवर पावणेदोनशे पानं का लिहावीत? तिसऱ्या दिवशी पहाटे फाइल उघडली आणि दुपारी जेवायला बोलावणं आलं तेव्हा शंभरावं पान चालू होतं. उत्तर मला तिथं मिळालं. या प्रस्तावनेत ते सांगायचा प्रयत्न करतो.

आधी खेळाबद्दल थोडं. पुस्तक हाती घेणाऱ्या पुष्कळांनी हा खेळ जवळून पाहिलेला नसेल. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नायस्मिथ या शिक्षकावर एक काम येऊन पडलं: बर्फामुळे बाहेर पडता न येणाऱ्या तरुणांना चार भिंतींत दमवेल असा खेळ शोधून काढायचा. त्यांनी व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. टोपली होती जमिनीपासून दहा फुटांवर. आजही कडी तेवढ्याच उंचीवर असते. मी वर्गात हे शिकवताना मोसंबीच्या करंडीचं उदाहरण द्यायचो. बाजार समितीत करंड्यांच्या थप्प्या पाहिलेल्या पोरांना ते लगेच कळायचं. एकदा एका पोरानं विचारलं, "सर, पण करंडीला बूड असतं, मग चेंडू कसा काढायचे?" प्रश्न अगदी बरोबर होता. सुरुवातीला चेंडू शिडीवर चढूनच काढायला लागायचा. टोपलीचं बूड गेलं आणि खेळाला वेग आला.

भारतात हा खेळ वायएमसीएच्याच वाटेनं आला. हॅरी बक यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं महाविद्यालय सुरू केलं, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले शिक्षक देशभर गेले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ साली दिल्लीत झाली, राष्ट्रीय महासंघ १९५० मध्ये उभा राहिला. या तारखा पुस्तकात विस्तारानं आल्या आहेत, त्यामुळे मी इथं थांबत नाही. त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हा खेळ आपल्याकडे गावजत्रेतून किंवा तालमीतून वर आला नाही, तो शाळा, मिशन, छावणी आणि रेल्वे वसाहतींतून आला. जिथं या चारांपैकी एखादी गोष्ट होती तिथं सिमेंटचा एक चौकोन आणि दोन खांब उभे राहिले. जालन्यातही इंग्रजी फौजेची छावणी होती, मिशन होतं आणि रेल्वेही होती. म्हणून इथं बास्केटबॉल परका आहे असं मला कधी वाटलं नाही. त्याच्या मागे उभं राहणारं माणूस मात्र फार काळ टिकलं नाही.

नागपाड्यात असं माणूस टिकलं. पुस्तकाचा गाभा तिथंच आहे.

भायखळा आणि मुंबई सेंट्रल यांच्या मधे, कामाठीपुरा आणि मदनपुऱ्याला लागून असलेला हा मोहल्ला. मंटोच्या कथा वाचलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. १९२० च्या दशकात क्लिफर्ड मॅनशार्ट या अमेरिकी मिशनऱ्यानं इथं 'नागपाडा नेबरहूड हाउस' सुरू केलं. वस्तीतल्या माणसांसाठी वस्तीतच राहून काम करणारं केंद्र. समाजकार्याचं शिक्षण देणारी देशातली पहिली संस्था, म्हणजे आज आपण टाटा समाजविज्ञान संस्था म्हणतो ती, १९३६ साली याच घरात सुरू झाली. दाट वस्ती, लहान खोल्या, गिरण्यांचे आणि गोदीचे कामगार, आणि त्यात मुलांना पळायला एवढीशी जागा. फुटबॉलला ती पुरत नाही, क्रिकेटला तर नाहीच. बास्केटबॉलला अठ्ठावीस मीटर बाय पंधरा मीटर लागतात, आणि तेवढी जागा नागपाड्यानं राखली. आज तिथल्या महापालिकेच्या मैदानाला बच्चू खान यांचं नाव आहे. मोहल्ल्यातल्या पोरांना या खेळात घडवणारा हा माणूस. मैदानाला पुढाऱ्याचं नाव न देता प्रशिक्षकाचं नाव दिलेलं मी महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका शिबिराच्या निमित्तानं मी मुंबईत होतो, तेव्हा मुद्दाम नागपाड्याला गेलो. संध्याकाळची वेळ. मगरिबची अजान झाली, खेळ थांबला, काही जण नमाजाला गेले आणि परत येऊन पुन्हा खेळायला लागले. कडेच्या कठड्यावर साठीतली तीन-चार माणसं बसली होती. पायात चपला, अंगात साधे सदरे. एखाद्या पोरानं चुकीच्या पायावर उडी घेतली की त्यांतला एक जण न उठता जागेवरूनच ओरडायचा, आणि पोरगं काही न बोलता परत जाऊन तीच उडी पुन्हा घ्यायचं. ही माणसं कोण, असं मी शेजारी उभ्या असलेल्या चहावाल्याला विचारलं. त्यानं एकाकडे बोट दाखवून सांगितलं, "ये इंडिया खेले हैं." भारताकडून खेळलेला माणूस रोज संध्याकाळी येऊन कठड्यावर बसतो, आणि चहावाल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. मला त्या वेळी हेवा वाटला. अजूनही वाटतो.

गुलाम अब्बास मुन्तसिर याच मातीतले, म्हणजे याच सिमेंटमधले. ते भारतीय संघाचे कर्णधार झाले आणि १९७० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. त्या पुरस्काराची यादी समोर ठेवून पाहावी. बास्केटबॉलचा पहिला अर्जुन १९६१ मध्ये सरबजीत सिंग यांना. मग १९६७ ला खुशीराम, १९६८ ला गुरदयाल सिंग, १९६९ ला हरिदत्त, १९७० ला मुन्तसिर, १९७१ ला मनमोहन सिंग. सलग पाच वर्षं या खेळाला अर्जुन मिळत होता, यावरून त्या पिढीचा दर्जा कळतो. यात खुशीराम यांच्यासारखे हरयाणाच्या मातीतले, लष्करात घडलेले खेळाडू आहेत. उंच, धिप्पाड, बराकीच्या शिस्तीत वाढलेले. त्यांच्या ओळीत मुंबईच्या एका गल्लीतला माणूस उभा आहे. ना बराक, ना दूध-तुपाचा खुराक. माझ्या विद्यार्थ्यानं या यादीवर एक अख्खं प्रकरण लिहिलं आहे. पुस्तकातलं ते सर्वांत चांगलं प्रकरण आहे असं माझं मत आहे.

त्या काळचा खेळ आजच्यापेक्षा वेगळा होता, हे तरुण वाचकांनी ध्यानात घ्यायला हवं. लांबून मारलेल्या गोलाला तीन गुण देण्याचा नियम आंतरराष्ट्रीय बास्केटबॉलमध्ये १९८४ साली आला. मुन्तसिरांच्या वेळी कुठूनही टाका, दोनच गुण. त्यामुळे गर्दीत घुसून, खांद्याला खांदा लावून, बोर्डाच्या जवळ जाऊनच खेळावं लागे. सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असायचा. चेंडू ताब्यात आला की फेकायला तीस सेकंद मिळत. २००० पासून ते चोवीसवर आले आणि सामन्याचे दहा-दहा मिनिटांचे चार भाग झाले. आपल्याकडचे सामने बहुतेक उघड्यावर, सिमेंटवर होत. लाकडी तक्तपोशी उडी झेलते. सिमेंट उडी परत गुडघ्यात पाठवतं. दहा-पंधरा वर्षं सिमेंटवर उड्या मारलेल्या माणसाला साठीत जिना उतरताना पाहा. कठडा धरून, आडवं होऊन, एकेक पायरी. त्या काळातल्या कितीतरी खेळाडूंची कारकीर्द कागदावर कमी आणि त्यांच्या गुडघ्यांत जास्त नोंदलेली आहे.

कागदावर कमी का, याचंही कारण आहे. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे मुन्तसिरांच्या अर्जुन पुरस्काराला दोन वर्षं होऊन गेल्यावर. रेडिओवर धावतं वर्णन असे ते क्रिकेटचं आणि हॉकीचं. बास्केटबॉल इतका वेगानं चालतो की बोलून सांगायचा म्हटला तर निवेदकाची जीभ मागे पडेल. वर्तमानपत्रात दोन ओळी आणि गुणसंख्या. १९७५ साली बँकॉकला आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत चीन, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या मागोमाग भारत चौथा आला. पुरुषांच्या संघानं त्या स्पर्धेत याहून वरचा क्रमांक आजवर मिळवलेला नाही. पण ते सामने डोळ्यांनी पाहिलेला माणूस मला माझ्या जिल्ह्यात भेटलेला नाही. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकचंही तेच. अनेक देशांच्या बहिष्कारामुळे भारताला तिथं जागा मिळाली, सगळे सामने हरून संघ बारावा आला, आणि त्यानंतर आपला बास्केटबॉल संघ ऑलिंपिकला गेलाच नाही. हरलेल्यांबद्दल कोण लिहितो? या पुस्तकानं लिहिलं आहे, आणि हातचं न राखता लिहिलं आहे.

आता त्या शब्दाकडे येतो ज्यानं मला रात्री झोप लागू दिली नाही. निवृत्त.

अमेरिकेत व्यावसायिक खेळाडू म्हणजे खेळण्याचे पैसे घेणारा. करार संपला, शरीर थकलं, की पत्रकार बोलावून तो निवृत्ती जाहीर करतो. आपल्याकडचा बास्केटबॉलपटू खेळाच्या भरतीतून रेल्वेत लागतो, नाहीतर पोलिसांत, बँकेत, एखाद्या तेल कंपनीत. रेल्वेचं क्रीडा मंडळ १९२८ पासून आहे, आणि या देशात बास्केटबॉल जगवण्याचं मोठं श्रेय मी त्या खात्याला देतो. पण तिथं नेमणूक मिळते ती तिकीट तपासनीस किंवा कारकून म्हणून. पगार त्या पदाचा, खेळ ही त्या पदाकडे जाणारी वाट. सकाळी सराव, मग कचेरीत सही, स्पर्धेला जाताना विशेष नैमित्तिक रजा. तरुणपणी यात काही खटकत नाही. साहेब खूश, भिंतीवर ढाल, दिवाळीअंकासारखी दरवर्षी एक राष्ट्रीय स्पर्धा.

मग वयाच्या तिशी-पस्तिशीत एका वर्षी संघाच्या यादीत नाव येत नाही. कुणी पत्र पाठवत नाही, कुणी हार घालत नाही. संघ निघून जातो आणि खेळाडू मागे कचेरीत राहतो. त्या दिवशी तो निवृत्त झालेला असतो, पण ते त्यालाही उमगायला दोन-तीन मोसम जातात. बरोबरीच्या कारकुनांनी तोवर खात्याच्या परीक्षा दिलेल्या असतात, ते पुढच्या पायरीवर गेलेले असतात. यानं त्या वर्षांत चेंडू खेळवला. "आता खेळ बंद झाला ना, मग बसा या फायलींना," असं कुणीतरी म्हणतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पुढची पंचवीस वर्षं तो त्या फायलींना बसतो. साठाव्या वर्षी समारंभ होतो, शाल येते, श्रीफळ येतं, सपत्नीक फोटो निघतो, आणि भाषणात साहेब सांगतात की यांनी एकही रजा वाया घातली नाही. देशाकडून खेळल्याचा उल्लेख एका वाक्यात येतो, कधी तोही राहून जातो.

म्हणजे हा माणूस दोनदा निवृत्त होतो. जिला समारंभ मिळतो ती दुसरी निवृत्ती. खरी निवृत्ती पहिली, आणि ती कुणालाही न सांगता होऊन जाते. माझ्या विद्यार्थ्यानं या पुस्तकात पहिल्या निवृत्तीचा समारंभ केला आहे. जालन्याच्या माणसानं हे का लिहावं, याचं उत्तर मला इथं मिळालं. ज्या गावात कुणी त्या निवृत्तीची दखल घेत नाही, तिथल्याच माणसाला तिची किंमत कळते.

पैशासाठी खेळण्याचा सरळ रस्ता आपल्या खेळाडूंनी शोधला नाही असं नाही. केरळच्या गीतू अॅना जोस ऑस्ट्रेलियात जाऊन रिंगवूड हॉक्स क्लबकडून खेळल्या, २०११ मध्ये अमेरिकेतल्या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या संघांपुढे त्यांनी चाचणी दिली, आणि परत येऊन पुन्हा दक्षिण रेल्वेकडून खेळल्या. अर्जुन पुरस्कार त्यांना २०१४ सालचा मिळाला. पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग, सात फूट दोन इंच उंचीचा शेतकऱ्याचा मुलगा, लुधियानाच्या अकादमीत एस. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली तयार झाला, फ्लोरिडाला गेला आणि २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला बावन्नाव्या क्रमांकावर निवडलं. एनबीए या अमेरिकी लीगच्या निवड फेरीत नाव पुकारलं गेलेला तो पहिला भारतीय. मुख्य लीगच्या सामन्यात तो कधी उतरला नाही, आणि पुढे तो टीव्हीवरच्या व्यावसायिक कुस्तीकडे वळला. देशात लीग काढण्याचेही प्रयत्न झाले. २०१५ ला एक सुरू झाली, दोन-तीन वर्षांत थांबली. २०२२ नंतर दुसरी आली. कबड्डीला २०१४ मध्ये लीगमुळे जे मिळालं ते बास्केटबॉलला अजून मिळालेलं नाही. मला वाटतं याचं कारण मैदानात आहे. कबड्डी प्रत्येक गावात आधीच खेळली जात होती, लीगनं फक्त दिवे लावले. बास्केटबॉलमध्ये दिव्याखाली ठेवायला गावच नाही.

यात माझी स्वतःचीही गोष्ट थोडी आहे, ती सांगून टाकतो, कारण विद्यार्थ्यानं ती पुस्तकात घेतलेली नाही आणि घेऊ नये असं मीच म्हटलं होतं. जालना १ मे १९८१ ला जिल्हा झाला तेव्हा मी शाळेत होतो. त्याआधी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यात होतो. जिल्हा नवा झाला म्हणजे जिल्ह्याचा संघही नवा होणार, हे आमच्या सरांना पहिल्यांदा सुचलं. सिमेंटचं मैदान, रबरी चेंडू, आणि जाळी नसलेली कडी. मे महिन्यात दुपारी चेंडूला हात लावला तर चटका बसायचा, म्हणून सराव पहाटे पाचला. विभागीय स्पर्धेला आम्ही मीटरगेजच्या गाडीनं औरंगाबादला जायचो, डब्यात चटणी-भाकरी आणि एकाच मापाचे नसलेले बूट. दोन वर्षं मी विभागाकडून खेळलो. तिसऱ्या वर्षी उडीवरून उतरताना गुडघा आतल्या बाजूला वळला आणि काहीतरी तुटल्याचा आवाज आला. त्या वेळी ज्यांनी पाहिलं त्यांनी लचक म्हणून लेप दिला. अस्थिबंध तुटला होता हे मला पंधरा वर्षांनी कळलं. मी ज्याला निवृत्ती म्हणतो ती अशी झाली, अठराव्या वर्षी. माझ्या स्पर्धांची प्रमाणपत्रं एका कार्यालयात पडताळणीला दिली होती ती परत आलीच नाहीत. आज माझ्याकडे संघाचा एक फोटो आहे, त्यात मी उजवीकडून तिसरा. हे सांगण्याचं कारण एवढंच, की पुस्तकातली माणसं मला परकी वाटली नाहीत.

हस्तलिखितात दोष आहेत आणि ते लपवणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. लेखक आपल्या नायकांवर इतकं प्रेम करतो की एखादा वाईट सामनाही त्याला पंचांच्या चुकीमुळे हरल्यासारखा वाटतो. मी दोन ठिकाणी खूण केली, एक त्यानं बदललं, दुसऱ्यावर आमचा वाद झाला आणि ते तसंच आहे. दुसरी उणीव मोठी होती. पहिल्या मसुद्यात महिला खेळाडू जवळजवळ नव्हत्याच. राष्ट्रीय स्पर्धांत महिलांमध्ये रेल्वेचा संघ कितीतरी वर्षं इतरांपेक्षा वरचढ राहिला आहे. पुण्याच्या शिरीन लिमयेनं भारतीय संघातून खेळून दाखवलं आहे. मुलीला लग्न, बदली, बाळंतपण, सासर या सगळ्यांतून सराव टिकवावा लागतो. तिची पहिली निवृत्ती पुष्कळदा पस्तिशीपर्यंत थांबतच नाही, तेविसाव्या वर्षी पत्रिका छापली जाते तेव्हाच ती होते. मी हे बोललो तेव्हा तो गप्प झाला, आणि दीड महिन्यानं नवं प्रकरण घेऊन आला. त्यात त्याच्या स्वतःच्या मोठ्या बहिणीबद्दल तीन पानं आहेत. ती वाचताना मी थांबलो. ती माझ्याच संघात होती, आणि लग्न झाल्यावर ती खेळायची थांबली हे मला माहीत होतं. का थांबली हे मी तिला कधीही विचारलेलं नव्हतं. शिक्षक म्हणून ही माझी चूक आहे.

मैदानांवरची शेवटची दोन प्रकरणं वाचताना प्रत्येक जालनेकराला आपली शाळा दिसेल. कडीला पोरं लोंबकळून ती खाली वाकलेली, तक्त्याचं लाकूड पावसात फुगलेलं, सिमेंटच्या भेगांत काँग्रेस गवत, आणि लग्नसराईत त्याच चौकोनावर मांडव. लेखक म्हणतो की यासाठी स्टेडियम लागत नाही. मला हे पूर्ण मान्य आहे. दोन खांब सरळ करायला, जाळी बसवायला आणि संध्याकाळी दोन दिवे लावायला गावातल्या एका वाल्व्हबॉडीच्या किंवा रोलिंग मिलच्या कारखान्यातल्या फिटरच्या दोन सुट्ट्या पुरतात. लोखंड तर आपल्या गावात तयार होतं. त्यानंतर मात्र रोज येऊन कठड्यावर बसणारा माणूस लागतो, आणि तो कोणत्याही योजनेतून मंजूर होत नाही. खेळाच्या वाढीव गुणांसाठी दहावी-बारावीला धावत येणारी पोरं परीक्षा झाली की दिसत नाहीत. त्यांतला दहावा जरी मैदानात थांबला तरी पुरे. नागपाड्यात थांबले होते, म्हणून तिथं मुन्तसिर झाले.

माझा विद्यार्थी थांबला आहे. त्याच्या शाळेत रोज संध्याकाळी सव्वापाच ते सात सराव चालतो. त्यात बावीस मुलं आणि चौदा मुली आहेत. जूनमध्ये मी जाऊन पाहून आलो. एका मुलीनं डाव्या हातानं टाकलेला चेंडू इतका सुरेख गेला की मी गुडघ्याची आठवण न ठेवता उठून उभा राहिलो.

वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, कपाटाच्या वरच्या फळीत, वडिलांच्या किंवा काकांच्या किंवा आत्याच्या पेटीत एखादा संघाचा फोटो असेल, स्पर्धेची पत्रिका असेल, गुणपत्रक असेल, जिल्हा नवा असतानाचं एखादं प्रमाणपत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. फोटोच्या मागे पेन्सिलीनं नावं लिहा, वर्ष लिहा, गाव लिहा. ज्यांच्याबद्दल विचारायचं ती माणसं अजून आहेत तोवर त्यांना विचारून घ्या. आणि शक्य झालं तर त्याची एक छायाप्रत या पुस्तकाच्या लेखकापर्यंत पोचवा. दुसऱ्या आवृत्तीसाठी त्यानं कोरी वही आणून ठेवली आहे.